दोष कोणाचा, देणे कोणाचे : दारिद्र्याची कारणे आणि शासकीय साहाय्य यांविषयीची लोकदृष्टी

प्रस्तावना

दारिद्र्य किती आहे हा मोजणीचा प्रश्न असतो, आणि तो मोजणाऱ्यांनी वेळोवेळी हाताळला आहे. १९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतून केलेल्या अभ्यासाने पोटापुरत्या उष्मांकांवरून दारिद्र्याची पातळी ठरवण्याचा मार्ग घालून दिला. २००९ मध्ये सुरेश तेंडुलकर यांच्या समितीने आणि २०१४ मध्ये रंगराजन समितीने ती पातळी नव्याने आखली. आणि २०११ साली नियोजन मंडळाने सर्वोच्च न्यायालयात शहरासाठी दिवसाला ३२ आणि खेड्यासाठी २६ रुपयांची रेषा सांगितली, तेव्हा एरवी अशा आकड्यांकडे न पाहणारा वाचकही खवळून उठला. मात्र माणसे गरीब का राहतात, यात दोष कोणाचा आणि त्यांना काही देणे लागत असेल तर ते कोणी द्यावे, याविषयी चारचौघांच्या मनात जे समज असतात त्यांचा विचार त्या मानाने कमी झाला आहे. वास्तविक लोकशाहीत साहाय्याचे रूप ठरते ते बरेचसे या समजांवरूनच. दारिद्र्य आळसातून येते अशी ज्या समाजाची खात्री असते तो समाज काम करून घेतल्याशिवाय धान्य देत नाही. ते दैवातून येते असे मानणारा समाज दान करतो, पण कायदा करत नाही. आणि ते जमीन, मजुरी, जात, जंगल व पाणी यांच्या वाटपातून येते असे ज्यांना दिसते ते दान नाकारून हक्क मागतात. प्रस्तुत ग्रंथाचा विषय हे समज आणि त्यांच्यापासून निपजलेल्या योजना हा आहे.

या समजांचे वर्गीकरण समाजशास्त्रात साधारणपणे तीन प्रकारे केले जाते, आणि ते जो फेगिन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीपासून रूढ झाले. पहिला प्रकार व्यक्तिनिष्ठ कारणांचा, म्हणजे आळस, व्यसन, उधळेपणा, शिकण्याची नावड अशी गरिबाच्या अंगी असलेली किंवा त्याला चिकटवलेली कारणे. दुसरा रचनानिष्ठ कारणांचा, म्हणजे अपुरी मजुरी, रोजगाराचा अभाव, शाळा-दवाखान्यांची वाण, भेदभाव अशी त्याच्या हाताबाहेरची कारणे. आणि तिसरा दैवनिष्ठ कारणांचा, ज्यात आजारपण, अवर्षण, अपघात आणि नशीब ही सारी येतात. हे वर्गीकरण उपयोगी असले, तरी मराठी समाजाला ते जसेच्या तसे लागू करता येत नाही, कारण इथे 'दैव' हा शब्द निव्वळ अपघाताचा वाचक नाही. प्रारब्ध आणि कर्मविपाक यांच्या कल्पनेमुळे नशिबातही कर्त्याचा दोष शिरतो, मग तो या जन्मीचा नसला तरी मागच्या जन्मीचा असतो, आणि त्यामुळे जे वरवर पाहता दैवनिष्ठ उत्तर वाटते ते आतून व्यक्तिनिष्ठ निघू शकते. या गाठीवर मराठीत प्रथम घाव घातला तो जोतीराव फुले यांनी. १८८३ मधील 'शेतकऱ्याचा असूड' या पुस्तकात त्यांनी शेतकऱ्याच्या दैन्याची कारणे त्याच्या कपाळावर न शोधता सारा, सावकारी, कचेरीतील कारकुनी वर्चस्व, धर्माच्या नावाने होणारी वसुली आणि विद्येचा अभाव यांत शोधली. तोपर्यंत रयतेच्या उधळ्या लग्नखर्चावर सरकारी अहवालांत बरेच लिहिले जात होते. फुल्यांनी प्रश्नाचे तोंडच फिरवले.

ग्रंथाचे क्षेत्र म्हणून खडवली आणि तिचा आसपासचा पट्टा निवडण्यामागे एक निश्चित कारण आहे. कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर शहाड, आंबिवली, टिटवाळा आणि मग खडवली अशी स्थानके लागतात. भातसा नदीच्या काठचे हे गाव कल्याण तालुक्यात मोडते, तर पुढचे वासिंद शहापूर तालुक्यात. डोंबिवली आणि कल्याण ही पगारदारांची, मुख्यतः मुंबईतील कचेऱ्यांवर जगणारी शहरे या मार्गाच्या एका अंगाला आणि कातकरी, ठाकूर, वारली यांच्या वाड्या दुसऱ्या अंगाला असून दोहोंमध्ये लोकलचा तासाभराचाही प्रवास नाही. पहिल्या पावसानंतर शेवळी, टाकळा, कुर्डू अशा रानभाज्यांच्या आणि त्याआधी करवंदांच्या पाट्या घेऊन ज्या बाया कल्याण-डोंबिवलीच्या बाजारात उतरतात, त्यांच्याच गाडीतून शहरातला नोकरदार प्रवास करतो. एरवी देणाऱ्याला घेणारा आणि घेणाऱ्याला देणारा दिसत नाही, पण इथे दोघे रोज एका डब्यात असतात, आणि तरीही एकाला दुसऱ्याच्या दारिद्र्याचे कारण सांगता येत नाही, किंवा तो जे सांगतो ते चुकीचे असते. या विसंगतीचा उलगडा करता आला तर व्यापक प्रश्नावरही काही प्रकाश पडेल, अशी या ग्रंथामागील धारणा आहे.

गरीब माणूस कष्टाला भितो हे मत या पट्ट्यात टिकावे, हीच पहिली आश्चर्याची गोष्ट म्हटली पाहिजे. पावसाळा सरून भातकापणी उरकली की कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पुढचा पावसाळा तोंडावर येईपर्यंत तिथेच राहतात. नवरा-बायको जोडीने पहाटेच्या अंधारात चिखल मळायला, विटा थापायला लागतात, मुले कच्च्या विटा उलटवतात, आणि हंगामाअखेर हिशेब होतो तेव्हा आधी घेतलेली उचल वजा जाऊन हातात जे पडते ते पुन्हा उचल घेण्याइतकेच असते. 'उचल' म्हणजे हंगामापूर्वी, बहुधा पावसाळ्यातील उपासमारीच्या दिवसांत, मालकाने मजुराला दिलेली आगाऊ रक्कम. ती दिसायला कर्ज असते, पण तिची फेड पैशांनी न होता श्रमांनी होते आणि फेड पुरी झाली की नाही हे ठरवणारी वही मालकाकडे असते; म्हणूनच १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने कर्जापोटी होणाऱ्या सक्तीच्या श्रमाला गुन्हा ठरवले आणि म्हणूनच ठाणे जिल्ह्यात श्रमजीवी संघटनेला पुढील दशकांत तो कायदा अमलात आणण्यासाठी झगडावे लागले. ज्या माणसाचे श्रम आधीच विकले गेले आहेत त्याला आळशी म्हणणे हे केवळ कठोर नसून वस्तुस्थितीला सोडून आहे.

मग हे मत टिकते कसे? त्याचे एक उत्तर असे की, कष्ट जिथे होतात ते ठिकाण पाहणाऱ्याच्या वाटेवर नसते. भट्टी रुळांपासून दूर असते, आणि रस्त्यावर दिसतो तो पावसाळ्यात काम नसलेला, पडवीत बसलेला किंवा प्यायलेला पुरुष. दुसरे उत्तर अधिक खोल आहे: दारिद्र्याची जी कारणे रचनेत असतात ती मुळात डोळ्यांना दिसण्याजोगी नसतात, कारण ती बहुधा भूतकाळात आणि कागदपत्रांत असतात. कातकरी हे नाव खैराच्या झाडापासून काथ काढण्याच्या व्यवसायावरून पडले. १८७८ च्या वनकायद्याने आणि त्यानंतरच्या राखीव जंगलांनी तो व्यवसाय मोडला, पण आज वाडीत राहणाऱ्याच्या अंगावर ते वर्ष लिहिलेले नसते. कित्येक कातकरी वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर वसलेल्या असल्यामुळे पिढ्यान्पिढ्या राहूनही घराखालची जागा नावावर नसते, जागा नसल्यामुळे रहिवासाचा पुरावा अडतो आणि पुराव्याअभावी योजना अडते. मात्र पाहणाऱ्याला दिसते ते एवढेच की योजना असूनही या लोकांनी ती घेतली नाही. शहापूर तालुक्यातील भातसा धरणाचे पाणी मुंबईला जाते आणि त्याच तालुक्यातील वाड्यापाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, ही गोष्ट दरवर्षी वर्तमानपत्रांत येते. तरी डोक्यावर हंडे घेऊन कोसभर चालणाऱ्या बाईचा अर्धा दिवस कोणाच्या नळात गेला, असा प्रश्न त्या बातमीखाली सहसा विचारला जात नाही. प्रशासकीय सीमांचेही तसेच आहे. १९८५ च्या अनुसूचित क्षेत्र आदेशात शहापूर तालुका संपूर्ण आला आणि कल्याण तालुका आला नाही; परिणामी वासिंदकडच्या वाडीला जे विशेष संरक्षण मिळते ते एक स्थानक अलीकडच्या खडवलीच्या वाडीला मिळत नाही, दोन्हीकडचे आप्त एकाच कुळीचे असले तरीही.

आदिवासींच्या कष्टाळूपणाविषयीचा हा वाद जुना आहे. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये इथल्या आदिवासी जमातींच्या दारूच्या सवयीची आवर्जून नोंद झाली, आणि ती नोंद करणाऱ्या सरकारला त्याच दारूवरच्या अबकारीतून उत्पन्न मिळत होते. पुढे १९३० च्या दशकाच्या अखेरीस डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने मुंबई प्रांतातील आदिवासींविषयी जो अहवाल दिला, त्यात जमीनदार, सावकार, जंगल-ठेकेदार आणि खालचे सरकारी नोकर यांच्या पिळवणुकीची साखळी स्पष्टपणे मांडली होती. म्हणजे रचनानिष्ठ उत्तर खुद्द सरकारच्या दप्तरात दाखल झाले होते. ते दप्तराबाहेर आले ते मात्र चळवळीतून. जानेवारी १९४५ मध्ये खडवलीच्या शेजारच्याच टिटवाळ्याला महाराष्ट्र किसान सभेचे पहिले अधिवेशन भरले, त्याला उंबरगाव भागातून काही वारली आले, आणि तिथून परतल्यावर शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठीविरुद्ध आणि लग्नगड्यांच्या मुक्ततेसाठी जो लढा उभा राहिला तो सर्वज्ञात आहे. लग्नगडी म्हणजे लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जमीनदाराकडे, पुष्कळदा बायकोसह, राबणारा माणूस. त्या लढ्याची मागणी धान्याची वा अनुदानाची नव्हती. गवतकापणीला ठरलेला दर आणि दिवसाच्या कामाला बारा आणे एवढीच होती. आळशी ठरवलेली माणसे कामाचा दर मागत होती, आणि १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे त्यांच्या जमावावर गोळीबार झाला.

शासकीय साहाय्याच्या इतिहासात संशय हा नंतर शिरलेला दोष नसून तो पायातच घातलेला दगड आहे, हे ध्यानात घेतल्याशिवाय आजच्या मतांचा अर्थ लागत नाही. इंग्लंडमध्ये १८३४ च्या दरिद्री-कायद्याने असे तत्त्व घातले होते की मदत घेणाऱ्याची अवस्था सर्वांत हलक्या मजुराहूनही हलकी असली पाहिजे, म्हणजे गरज नसलेला कोणी मदतीकडे फिरकणार नाही. हेच तत्त्व १८७६-७८ च्या दुष्काळात दख्खनेत आले. ब्रिटिश अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या पुरुष मजुराची मजुरी दिवसाला एक पौंड, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम, धान्य आणि वर किरकोळ पैसा एवढ्यावर आणून ठेवली; त्याविरुद्ध १८७७ च्या आरंभी मुंबई इलाख्यात मजुरांनी कामे सोडली आणि गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका यांच्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेऊन सरकारकडे अर्जांवर अर्ज पाठवले. १८८० च्या दुष्काळ आयोगाने व त्यानंतरच्या दुष्काळ-संहितांनी मजुरीत काही सुधारणा केली, परंतु कसोटीची कल्पना कायम ठेवली: जो खडी फोडायला तयार आहे तोच खरा गरजू, आणि काम जितके कष्टाचे व मोबदला जितका थोडा तितकी ही चाळणी बारीक. या चाळणीला स्वयंनिवड म्हणतात, कारण तीत अधिकाऱ्याने कोणाला निवडायचे नसते. माणूस आपल्या गरजेने येतो किंवा येत नाही. अधिकाऱ्याच्या मर्जीपासून गरिबाची सुटका करणारी म्हणून ती चांगली, आणि म्हातारे, आजारी, बाळंतीण यांना दारातच अडवणारी म्हणून ती क्रूर. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

महाराष्ट्राने या वारशाचे जे केले ते देशातच नव्हे तर जगातही वेगळे होते, आणि त्याची आठवण आज ज्या मानाने पुसट झाली आहे ती खेदाची बाब आहे. १९६९ मध्ये विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातील तासगाव भागाच्या पाहणीवरून मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्यापुढे अशी मांडणी केली की खेड्यातील जो कोणी अंगमेहनतीचे काम मागेल त्याला ते पुरवणे सरकारला परवडण्याजोगे आहे. त्याच सुमारास अवर्षणांची मालिका सुरू होऊन १९७२ चा दुष्काळ पडला, आणि १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातील सुमारे ५० लाख माणसे नालाबंडिंग, पाझर तलाव आणि रस्त्यांच्या कामांवर होती. त्या कामांवर वाटलेली सुकडी आणि रेशनवर आलेला तांबडा मिलो यांच्या आठवणी मराठी घरांत अजून निघतात. त्या दुष्काळाने लोकमतात जो पालट घडवला तो असा की, बागाईतदाराच्या घरचा माणूस आणि त्याचा गडी शेजारी शेजारी बसून खडी फोडत होते. पाऊस पडला नाही याचा दोष कोणाच्याही स्वभावात शोधता येत नव्हता, म्हणून साहाय्यावरचा कलंकही काही काळ गळून पडला. रोजगार हमीला सर्व पक्षांचा पाठिंबा मिळाला, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागितल्यावर ठरावीक मुदतीत ते न दिल्यास बेकारभत्ता देण्याचे बंधन त्यात होते. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याची प्रेरणा बव्हंशी याच कायद्यात आहे.

या योजनेचा पैसा कुठून आला हा भाग तर खास या ग्रंथाच्या विषयाचा आहे. १९७५ मध्ये महाराष्ट्राने व्यवसाय कर बसवला तो रोजगार हमीसाठी. पगारदार, व्यावसायिक आणि व्यापारी यांच्याकडून जेवढे जमेल त्याच्याइतकीच भर राज्याने आपल्या तिजोरीतून घालावी असे ठरले. संघटित शहरी वर्गाने असा कर फारशा विरोधाशिवाय स्वीकारला, याची कारणे शोधताना दुष्काळग्रस्तांचे लोंढे मुंबईच्या पदपथांवर येऊ नयेत ही शहराची काळजीही त्यात होती असे अभ्यासकांनी दाखवले आहे, आणि ते नाकारण्याचे कारण नाही. पण हेतू निर्भेळ नसला तरी करार झाला होता हे खरे. राज्यघटनेने या कराला वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातलेली असल्याने डोंबिवलीतल्या नोकरदाराच्या पगारपत्रकात अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये अशी वजावट दिसते. 'आमच्या करावर हे जगतात' हे वाक्य लोकलच्या डब्यात आणि सोसायटीच्या सभेत ज्या सुरात उच्चारले जाते, त्या सुरात या वजावटीचा उल्लेख क्वचितच असतो, कारण ती कशासाठी सुरू झाली हेच पगारदाराला कोणी सांगितलेले नाही. जमलेला सगळा पैसा योजनेवर खर्च होत नाही ही टीका विधिमंडळात आणि लेखापरीक्षणात वारंवार झाली. म्हणजे आपण दिलेले गरिबाने खाल्ले असे ज्याला वाटते त्याच्या पैशाचा काही भाग गरिबापर्यंत पोहोचलाच नाही.

कसोटी कामाची असो वा कागदाची, तिच्यातून दोन प्रकारच्या चुका होतात. अपात्र माणसाला लाभ मिळणे हा समावेशदोष आणि पात्र माणूस वगळला जाणे हा वर्जनदोष. २००२ च्या दारिद्र्यरेषेच्या पाहणीत प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला जमीन, घर, कपडे, जेवणाच्या वेळा, शौचालय अशा १३ निकषांवर गुण देण्यात आले आणि कमी गुणांची कुटुंबे यादीत घेण्यात आली. ज्याचे नाव त्या यादीत चुकले त्याला ते मिळवण्यासाठी पुढे कित्येक वर्षे हेलपाटे घालावे लागले. महाराष्ट्रात १९९९ पासून आलेल्या पिवळ्या, केशरी आणि शुभ्र शिधापत्रिकांनी तर दारिद्र्याला रंगच दिला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबातील माणशी ५ किलो धान्याचा हक्क दिला, आणि २०२३ पासून ते धान्य मोफत झाले. पण यंत्रावर अंगठा न उमटणे, आधार न जुळणे, उत्पन्नाचा दाखला वेळेवर न मिळणे, कुटुंब भट्टीवर असताना गावच्या दुकानातले धान्य तसेच राहणे, या वाटांनी वर्जन होतच राहते. लोकमताची असमतोल नजर इथे सर्वांत ठळक दिसते. मोटारसायकलवरून रेशन न्यायला आलेला माणूस शेकडो जणांच्या लक्षात राहतो आणि त्याची गोष्ट वर्षभर सांगितली जाते. दुकानातून रिकामी पिशवी घेऊन परत गेलेली म्हातारी कोणाच्या लक्षात राहत नाही, कारण ती गर्दीत दिसत नाही आणि तक्रारही करत नाही. समावेशदोषाला साक्षीदार असतात, वर्जनदोषाला नसतात, आणि यंत्रणा ज्या चुकीबद्दल तिला जाब विचारला जातो तीच सुधारते. १९९२-९३ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील जव्हार तालुक्यात वावर-वांगणी परिसरात कुपोषणाने बालके दगावली, तेव्हा कुठे या दुसऱ्या दोषाला साक्षीदार मिळाले.

शासनाचे साहाय्य फक्त गरीबच घेतो ही समजूतही तपासली पाहिजे. रेल्वेच्या तिकिटावर काही वर्षे असे छापलेले असे की प्रवासखर्चापैकी सरासरी ५७ टक्केच रक्कम प्रवाशाकडून वसूल होते. उपनगरी पासाचा दर तर त्याहूनही सवलतीचा, आणि कसारा लोकलमधील अधिकारी व मोळीवाली दोघेही ती सवलत घेतात. गृहकर्जाच्या व्याजावरील करसूट घेणाऱ्याला कोणी ऐतखाऊ म्हणत नाही. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर कल्याण-डोंबिवलीच्या पाणी शिरलेल्या घरांना जे सानुग्रह अनुदान मिळाले, म्हणजे हक्क म्हणून नव्हे तर कृपा म्हणून दिलेली रक्कम, तेही पंचनाम्याच्या रांगेत उभे राहून घेतले गेले आणि त्यात गैर काहीच नव्हते. फरक साहाय्यात नसून घेणाऱ्याच्या प्रतिमेत आहे, याचा जुना पुरावा मराठी समाजाच्या स्वतःच्या रूढीत सापडतो. वार लावून जेवणे आणि माधुकरी मागणे यांवर शिकून मोठे झालेल्या विद्यार्थ्यांच्या चरित्रांत त्या अन्नाचा उल्लेख लाजेचा नसून गौरवाचा असतो. त्याच काळात महारांनी वतनापोटी दारोदार भाकर मागणे ही हीनतेची खूण होती, आणि म्हणूनच १९२७ च्या महाड परिषदेच्या सुमारापासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती प्रथा टाकून देण्यास सांगितले व १९२८ मध्ये वतनविषयक कायद्यात दुरुस्ती सुचवली. अन्न तेच, मागणेही तेच. एकाच्या मागण्यात समाजाला उद्याचा विद्वान दिसला आणि दुसऱ्याच्या मागण्यात जात. गाडगेबाबांचे उदाहरण याहून वेगळे आहे. गाव झाडल्याशिवाय ते भाकरी घेत नसत, म्हणजे श्रमाची अट त्यांनी स्वतःला घातली होती. पण त्यांनी उभारलेल्या धर्मशाळांत आणि अन्नदानात भुकेल्याला त्यांनी तशी अट कधी घातली नाही.

विरोधी मताची दखल या ग्रंथात हेटाळणीने घेतलेली नाही, कारण त्यात तथ्याचा अंश आहे. मोफत धान्यामुळे शेतीच्या कामाला मजूर मिळत नाहीत ही लहान शेतकऱ्याची तक्रार खोटी नसते. भातलावणीच्या आठ दिवसांत माणसे मिळाली नाहीत तर त्याचे वर्ष जाते आणि तोही बहुधा गरीबच असतो. मात्र मजूर न मिळणे आणि जुन्या मजुरीला मजूर न मिळणे यांत भेद केला पाहिजे. घरात महिन्याचे धान्य असलेली बाई पडेल त्या दराने कामाला जात नसेल तर तो आळस नसून तिच्या हाती प्रथमच आलेली घासाघीस आहे. दारूचा प्रश्नही खरा आहे, आणि त्याविरुद्ध सर्वांत आधी उभ्या राहिल्या त्या वाड्यावस्त्यांतल्या बायकाच. रोख रकमेपेक्षा काम द्यावे असे म्हणणाऱ्यांमध्ये योजनेचे शत्रू आहेत तसे पागे यांच्या परंपरेतले मित्रही आहेत. जून २०२४ मध्ये जाहीर झालेल्या 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेने, म्हणजे अडीच लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबातील २१ ते ६५ वर्षांच्या स्त्रीला महिन्याला १,५०० रुपये देणाऱ्या योजनेने, हा वाद घराघरांत नेला. तिचा लाभ दोन कोटींहून अधिक स्त्रियांपर्यंत पोहोचला, पहिल्याच वर्षी ४६ हजार कोटींचा खर्च अंदाजण्यात आला, आणि पुढच्या छाननीत काही सरकारी कर्मचारी स्त्रियांनीही रक्कम घेतल्याचे उघड झाले. या योजनेविषयी एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे: जी कुटुंबे रेशनच्या धान्याला फुकटेपणा म्हणत आली त्यांपैकीही कित्येकांनी तिचे अर्ज भरले, आणि त्यामुळे 'ते' आणि 'आम्ही' यांच्यातली रेघ पुसट झाली. ती कायमची पुसली गेली की छाननीबरोबर पुन्हा गडद होईल, हे सांगण्याची वेळ अजून आलेली नाही.

गरिबांची स्वतःची मतेही एकसारखी नसतात, आणि त्यांच्याकडून केवळ रचनानिष्ठ उत्तराची अपेक्षा करणे हा अभ्यासकाचा भाबडेपणा ठरतो. स्वतःच्या दारिद्र्याला नशीब आणि शेजाऱ्याच्या दारिद्र्याला दारू हे कारण देणे वाडीतही चालते. यादीत नाव आलेल्याविषयी नाव न आलेल्याच्या मनात जी चीड असते ती डोंबिवलीच्या करदात्यापेक्षा तीव्र असते, कारण तिची झळ रोजच्या भाकरीला लागते. शिवाय ज्याला आपले दारिद्र्य आपल्याच चुकीचे वाटते तो काम मागायला जात नाही, आणि कायद्याने दिलेली हमी मागणीवर चालणारी असल्यामुळे न मागितलेले काम हिशेबात धरलेच जात नाही.

अखेरीस शब्दांविषयी. अमेरिकेतील पाहण्यांत असे वारंवार आढळले आहे की 'गरिबांना साहाय्य' वाढवावे का असे विचारले तर बहुसंख्य लोक होकार देतात आणि त्याच साहाय्याचे प्रचलित सरकारी नाव घेऊन विचारले तर बरेचसे मागे सरतात. मराठीत या भेदाला तर कितीतरी छटा आहेत. मुळात सत्कृत्य असा अर्थ असलेला 'खैरात' हा शब्द आता शिवीसारखा वापरला जातो. २०२२ पासून 'रेवडी' त्याच्या जोडीला आली. शेतकऱ्याला मिळणारे वर्षाचे ६,००० रुपये 'सन्मान निधी' म्हणून येतात, स्त्रियांना मिळणारे 'ओवाळणी' म्हणून, निराधार विधवेला मिळणारे 'अनुदान' म्हणून, आणि आदिवासीला पावसाळ्यात मिळणारी 'खावटी' ही एके काळच्या सावकारी खावटीचेच नाव घेऊन येते. प्रस्तुत ग्रंथात 'साहाय्य' हा शब्द वापरला आहे, कारण त्यात देणाऱ्याची कृपा कमीत कमी ध्वनित होते. 'लाभार्थी' हा शब्द मात्र शक्य तिथे टाळून त्या जागी मजूर, शिधापत्रिकाधारक, विधवा, भट्टी कामगार असे ज्या त्या माणसाचे नाव लावले आहे. जिथे शासननिर्णयातील मजकुराचा आधार घ्यावा लागला तिथे तो शब्द तसाच ठेवला आहे.